मेंढपाळ पडला तो नाताळ

माझं माहेर नगरकडचं. लग्न करून मी खामगावजवळच्या एका खेड्यात आले, आणि पहिल्याच डिसेंबरात पाळकसाहेबांनी चर्चमध्ये सगळ्यांसमोर जाहीर केलं की यंदा नाताळचं नाटक नव्या सूनबाई बसवतील, त्या शिकलेल्या आहेत. मला बरं वाटलं. घरी आल्यावर सासूबाईंनी खरं काय ते सांगितलं. "बाकीच्यायले रागावता येत नाई, तुले येते. म्हणून देल्लं तुले."

तेव्हापासून ते नाटक माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. आमची मंडळी लहान. पत्र्याच्या छपराचं एक चर्च, मोजकी घरं, सगळी शेती करणारी. नाटकही दरवर्षी तेच. कुणाला कधी देवदूत व्हायचं, कुणाला योसेफ, यावर रुसवेफुगवे चालत. मेंढपाळाच्या कामावरून मात्र कधी भांडण झालं नाही. ते माझ्या नवऱ्याचं ठरलेलं होतं, कारण अख्ख्या मंडळीत खरी घोंगडी एकट्या त्याच्याकडे होती. सासऱ्यांची, काळी, जाडजूड. बाकीचे मेंढपाळ सोलापुरी चादरी पांघरून यायचे आणि एसटी स्टँडवर झोपलेल्या प्रवाशांसारखे दिसायचे.

आणि आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. गव्हाणीत आम्ही बाहुली ठेवत नाही. त्या वर्षी मंडळीत शेवटचं जन्मलेलं बाळ येशू होतं. मोठा मेंढपाळ पुढे येतो, खांद्यावरची घोंगडी काढून गव्हाणीतल्या कडब्यावर अंथरतो, आई त्यावर आपलं लेकरू ठेवते आणि बाया पाळणा म्हणतात. दरवर्षी तेवढ्या वेळेला चर्चमध्ये कुणी खोकतसुद्धा नाही. मी सांगते आहे त्या वर्षीचं बाळ म्हणजे दिवाळीच्या सुमारास झालेली एक मुलगी होती. तिच्या आजीने मला बाजूला घेऊन विचारलं की पोरगी येशू कशी चालेल. मी म्हटलं, लंगोटात आहे तोवर सगळी सारखीच. त्यावर आजी हसली आणि प्रश्न मिटला.

ते साल बोंडअळीचं. बीटी कापूस आला तेव्हा आमच्याकडे लोकांनी फवारणीचे पंप माळ्यावर टाकले होते म्हणे. मी आले तोवर ते पुन्हा खाली उतरले होते. त्या वर्षी तर बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी आणि पिवळा पडलेला कापूस. पहिल्या वेच्यानंतर बऱ्याच जणांनी पऱ्हाटीची झाडं उपटून हरभरा पेरला. माझ्या नवऱ्याने उपटली नाही. विहिरीला थोडं पाणी होतं, ते देऊन त्याने फरदड धरली, म्हणजे त्याच झाडांकडून आणखी एक बहार काढायचा. मी म्हटलं, अहो, त्या झाडांत आता अळीशिवाय काही उरलं नाही. तो मुळातच कमी बोलतो, त्या महिन्यात तर घरात असून नसल्यासारखा वागत होता. भांडणारा माणूस मला परवडतो, गप्प माणसाची भीती वाटते. दोन गावं सोडून एका शेतकऱ्याने दिवाळीनंतर जे केलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. रात्री तो कूस बदलायचा तेव्हा मी जागी असायची, आणि फवाऱ्याच्या औषधाचे डबे मी गोठ्यातून उचलून स्वयंपाकघराच्या मागे, माझ्या नजरेसमोर आणून ठेवले होते.

नाताळच्या तीन दिवस आधी त्याने फवारा मारला. संध्याकाळी डोकं दुखतं म्हणाला, हातपाय धुतले आणि न जेवता झोपला. दुसरा दिवसही तसाच गेला. मला वाटलं, थंडी बाधली.

चोवीस तारखेला सकाळी चर्चमध्ये रंगीत तालीम होती. खोल्यांचा रंग, करंज्या, पताका, पोरांची पाठांतरं, सगळं एकदम अंगावर आलेलं, त्यामुळे माझा पारा चढलेलाच होता. पेटीतले नाटकाचे कपडे बाहेर काढले तसा डांबराच्या गोळ्यांचा वास सगळीकडे भरला. नवरा घोंगडी पांघरून कोपऱ्यात बसला होता. त्याला दरदरून घाम आला होता, म्हणून मी ओरडले की तालमीपुरती ती घोंगडी काढून ठेवा. तो म्हणाला, "नाई, थंडी वाजून राह्यली." घाम आणि थंडी एकदम कशी, हा विचार मी केला नाही. देवदूताचा एक पंख सुटला होता, माझं लक्ष तिकडे होतं.

मेंढपाळांची पाळी आली. तो उठला, चार पावलं चालला, गव्हाणीपाशी आला आणि घोंगडी काढायच्या ऐवजी तसाच गुडघ्यांवर बसला. मला वाटलं, हा नवीन काही करतोय. मग तो आडवा झाला. तोंडातून लाळ गळत होती, गालाचे आणि दंडाचे स्नायू आपोआप फडफडत होते. त्याच्या तोंडाशी वाकलेल्या एका माणसाने मान वर केली आणि म्हणाला, "औषध पेला हा."

आमच्या भागात त्या वर्षी एखाद्या माणसाच्या अंगाला औषधाचा वास आला आणि तोंडाला फेस आला, की दुसरा अर्थच कुणाच्या डोक्यात येत नव्हता. कुणी विचारलं नाही, कुणी शंका काढली नाही. एकाने जीप आणली. सासूबाई चढल्या, पाळकसाहेब चढले, मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सासूबाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "काऊन केलं रे बाप्पा असं? मले सांगितलं असतं." तो थरथरत होता, म्हणून त्यांनी त्याला घोंगडी नीट गुंडाळली, पायांखाली खोचली. मी गळ्यापाशी ओढून घेतली.

रस्त्यात पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. ते भले गृहस्थ, आयुष्यभर त्यांनी या माणसांची लग्नं लावली आणि मयती केल्या. पण त्या दिवशी ते म्हणाले, "हे प्रभू, जीवन ही तुझी देणगी आहे. तुझ्या या लेकरानं ती तुला परत केली, त्याला क्षमा कर." माझ्या मांडीवर तो श्वास घेत होता आणि इकडे त्याला क्षमा मिळायला लागली होती. तेवढ्यात त्याने डोकं हलवलं. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. नाही. मी खाली वाकून विचारलं, "अहो, प्यायलात का?" त्याने पुन्हा तसंच डोकं हलवलं. ओठ हलले. "नाई पेलो."

मी पाळकसाहेबांना म्हटलं, ते नाही म्हणताहेत. ते हळूच म्हणाले, "बाई, सगळे नाहीच म्हणतात." आणि ते खरं होतं. दोन गावं सोडून जो गेला तोही शेवटपर्यंत नाहीच म्हणत होता. माझा नवऱ्यावर विश्वास बसला का? अर्धा बसला. त्या अर्ध्याने मला जेवढं छळलं, तेवढं पुढे कशानेच छळलं नाही.

खामगावात एका खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, भराभर काम करणारा. डोळ्यांत बॅटरी मारून बघितली, बाहुल्या मोहरीएवढ्या बारीक झाल्या होत्या. "काय प्यायला? किती? डबा आणला का?" डबा कुणीच आणला नव्हता. दवाखान्याच्या माणसांनी सदरा काढला, नाकातून नळी घालून पोट धुतलं, सुई लावली. थोड्या वेळाने श्वास सुधारला. मला वाटलं, तरला. मग त्याला पुरुषांच्या खोलीत हलवलं. तिथे खिडकीची काच फुटलेली होती, गार वारा येत होता, अंगात सदरा नाही. सासूबाईंनी बाकावर पडलेली घोंगडी उचलली आणि त्याच्या उघड्या अंगावर घातली. "लेकराले थंडी वाजून राह्यली."

दुपारी तो पुन्हा बिघडला. घाम, लाळ, छातीत घरघर. सुया वाढवल्या की जरा सावरायचा, तासाभराने पुन्हा घसरायचा. डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाला की पोट धुतल्यावर एवढं व्हायला नको होतं, प्रमाण खूप घेतलेलं दिसतं, पुढचं सांगता येत नाही, अकोल्याला न्यायची तयारी ठेवा. मी पुन्हा आत येऊन बसले. देवाशी बोलायचं म्हटलं तर माझ्या तोंडून नीट प्रार्थना येईना. मी म्हटलं, तुझी देणगी म्हणतात ना सगळे, मग ही कसली देण्याची रीत? अळी लागलेली बोंडं देतोस, पाणी तोंडचं पळवतोस, आणि माणूस मोडला की वर त्यालाच गुन्हेगार ठरवतोस. उद्या तुझा वाढदिवस आहे आणि मी इथे तुझ्याशी भांडत बसले आहे. असं बोलायला मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. पलंगाच्या कडेवर डोकं टेकून, घोंगडीत तोंड खुपसून मी रडले. बराच वेळ तशीच होते.

उठले तेव्हा डोकं घणघणत होतं. तोंडात पाणी सुटत होतं, थुंकलं तरी पुन्हा भरत होतं. समोरची भिंत धूसर दिसायला लागली. मी मोरीपर्यंत गेले आणि ओकले.

शेजारच्या पलंगावर एक म्हातारे चाचा होते. जिनिंगच्या कारखान्यात जन्म गेलेला, कापसाच्या धुळीने छाती भरलेली. त्यांची बायको सकाळपासून माझ्याकडे बघत होती. ती माझ्या पाठीवरून हात फिरवायला आली, माझं तोंड बघितलं, मग पलंगावर माझ्या नवऱ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "बेटी, तेरेकु भी वैसाच हो रा. तूने तो कुछ पिया नै ना?"

मी म्हटलं, नाही चाची, मी काही प्यायले नाही.

हे वाक्य मी बोलले आणि तिथेच थांबले. मी काही प्यायले नव्हते. तरीही मला तेच होत होतं. मग मला आठवलं की यंदा पिवळा पडलेला कापूस कुणी विकत घेत नव्हतं, त्यामुळे घरातली सगळी पोती त्यानेच भरलेली होती, आणि पंप गळत होता. एरवी पंप गळायला लागला की तो पाठीवर पोतं दुमडून घ्यायचा. पोतं नव्हतं तर त्याने काय घेतलं असेल? मी सासूबाईंना विचारलं, "आई, फवारताना त्यांनी पाठीला काय लावलं होतं?"

सासूबाई म्हणाल्या, "घोंगडी. म्या तं म्हटलं त्याले, नाटकाची हाये रे. थो म्हणे, वाळली का होते."

वाळली होती. दोन दिवस गोठ्याच्या भिंतीवर उन्हात वाळली होती. सकाळी त्याने ती पांघरली, घाम आला, ओली झाली, आणि वाळलेलं सगळं विष पुन्हा त्याच्या अंगात उतरायला लागलं. आणि आम्ही काय केलं? जीपमध्ये खोचली, दवाखान्यात उघड्या अंगावर घातली, दर वेळी तो थरथरला की अजून ओढून घेतली. जीव लावायचा म्हणजे पांघरूण घालायचं, एवढंच आम्हाला येत होतं.

मी घोंगडी ओढून खिडकीबाहेर फेकली आणि डॉक्टरांना हाक मारली. मोठ्याने मारली असणार, कारण शेजारच्या खोल्यांतूनही माणसं आली. डॉक्टरने ऐकून घेतलं, एक क्षण डोळे मिटले, आणि म्हणाला, "सगळे कपडे काढा. साबण लावून डोक्यापासून पायापर्यंत धुवा. केससुद्धा. तुम्हीही धुवून घ्या, हातमोजे घाला." चाचीने कुठून तरी गरम पाण्याची बादली आणवली. आपल्या पिशवीतली धुतलेली लुंगी आणि नवी कोरी चादर काढून पलंगावर ठेवली. मी नको म्हणायच्या आधीच ती म्हणाली, "रहने दे. इनके पास दूसरी है."

मी त्याला धुतलं. सासूबाईंनी त्याला कुशीवर धरलं, एक सिस्टर पाणी ओतत होती. पाठीवर घोंगडीच्या घडीच्या आकाराचा लाल पट्टा उठला होता. मानेच्या वळीतून, काखेतून, कानामागून मी साबण फिरवला. एवढा धडधाकट माणूस, बैलाला एका हाताने धरणारा, त्याला मान सांभाळता येत नव्हती. धुताना माझ्या मनात एक गोष्ट आली, आणि त्यानंतर नाताळ म्हटला की तीच येते. दरवर्षी मी पोरांकडून घोकून घेत होते की देव बाळ होऊन आला. पण बाळ म्हणजे काय, ते मी कधी बघितलंच नव्हतं. ज्याची मान दुसऱ्याने धरायची, ज्याला दुसऱ्याने धुवायचं, पुसायचं, मिळेल त्या कापडात गुंडाळायचं, ते बाळ. देवाने आपला जीव असा माणसांच्या हातात देऊन टाकला, माणसं चुकतात हे माहीत असून. म्हणजे देणगी देणारा वरून फेकून मोकळा होत नाही. तो ती कुणाच्या तरी ओंजळीत ठेवतो, आणि मग ओंजळ सांभाळावी लागते. हे मला कुठल्या उपदेशातून कळलं नाही. लाळेने आणि साबणाने हात बरबटलेले असताना कळलं.

दिवेलागणीच्या सुमारास घरघर कमी झाली. त्यानंतर तो पुन्हा घसरला नाही. मलाही एक सुई टोचली. अकोल्याची गाडी डॉक्टरने रद्द केली.

नाताळच्या दिवशी उपासना संपवून पाळकसाहेब दुपारी आले. सोबत करंज्यांचा डबा. तोवर नवरा उशीला टेकून बसला होता, जीभ कोरडी पडल्यामुळे शब्द अडखळत होते, पण शुद्ध पूर्ण होती. नाटक झालं, मेंढपाळ कुणी केला, हे त्यांनी सांगितलं. मुलीला तिच्या आईच्या लुगड्यावर निजवलं होतं, ती सबंध वेळ झोपून होती. हे ऐकलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. तालमीत हा पडला नसता, तर संध्याकाळी ती घोंगडी गव्हाणीत अंथरली गेली असती, आणि त्या तान्ह्या पोरीचे गाल तिच्यावर टेकले असते. घोंगडीचं कळल्यापासून पाळकसाहेबांच्याही ते ध्यानात आलं होतं. ते म्हणाले, "बघा बाई, देवानं लेकराला वाचवलं." मी म्हटलं, "साहेब, एकाला पाडूनच दुसऱ्याला वाचवायचं, एवढीच देवाची अक्कल असेल असं मला वाटत नाही. वाचली याचा मला आनंद आहे. पण हिशेब नका लावू." ते रागावले नाहीत. माझ्या नवऱ्याचा हात धरून म्हणाले, "काल गाडीत मी जे बोललो ते चुकलं." तो म्हणाला, "असू द्या." मग त्यांनी प्रार्थना केली, अगदी छोटी, आणि सासूबाईंना चहाला घेऊन खाली गेले.

मी त्याला चमच्याने पाणी पाजत होते. मला आता मोकळं वाटत होतं. सगळ्या गावाने ठरवलेलं खोटं निघालं होतं, हा प्यायला नव्हता. मी हसत म्हटलं, "लोकांचं तरी काय घेऊन बसायचं. माणसानं मनातही आणलं नाही, आणि यांनी जीपमध्येच क्षमा मागून टाकली."

तो हसला नाही. मग म्हणाला, "आलं होतं मनात."

मी चमचा वाटीत ठेवला.

"काल नाई. काल तं काहीच नव्हतं. दिवाळीच्या मांगं एक दिवस. गोठ्यात बसलो होतो, डबा हाती होता. झाकण बी उघडलं होतं."

"मग?"

"मंग लावून टाकलं."

"का?"

मला वाटलं, आता तो मायचं नाव घेईल, माझं घेईल, देवाचं घेईल. तो म्हणाला, "माहीत नाई. खरंच माहीत नाई मले. पन तवापासून रोज सकाळी जाग आली का वाटते, आजचा दिवस फुकटात भेटला. तुले सांगाले भेव वाटत होतं."

मला त्याचा राग आला, त्याच्यावर माया आली, आणि एवढे दिवस मी ज्याच्या शेजारी जागी होते तो आपल्या बाजूने एकटाच जागा होता या विचाराने मला जे रडू फुटलं ते आवरेना. वाटी ठेवून मी त्याच्या धुतलेल्या डोक्यावर तोंड टेकलं. तोही रडला, आवाज न करता. चाची घाबरून उठून आली. "क्या हुआ बेटी? फिर तबियत बिगडी क्या?"

"नाही चाची," मी म्हटलं, "आज आमचा नाताळ आहे."